दूरदेशीच्या निर्वासितांबद्दल बेळगावच्या ख्रिस्ती माणसाची काही जबाबदारी आहे का?

हो, आहे, आणि ती नुसत्या प्रार्थनेवर संपत नाही. मत्तयाच्या २५व्या अध्यायात येशू स्वतःलाच परक्याच्या जागी ठेवतो: परक्याला घरात घेतलं, ते मलाच घेतलं. लूकच्या १०व्या अध्यायातला चांगला शोमरोनी तर जखमी माणसाची जात-धर्म न विचारता पदरच्या पैशाने त्याची सोय करतो. म्हणून निर्वासित मुसलमान असो, बौद्ध असो, मदतीला धर्माची अट लावूच नका. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

परदेश फार लांब वाटत असेल तर शेजारच्या उत्तर कन्नडात मुंडगोडला १९६६ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. थंडीत स्वेटरचे गठ्ठे मांडून बसणाऱ्या तिबेटी बाईशी नीट बोला, तिची मुलं कुठे शिकतात विचारा. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी कॅथलिक चर्च स्थलांतरित आणि निर्वासितांचा दिवस पाळतं. त्या दिवशीची वर्गणी खात्रीच्या नोंदणीकृत संस्थेला द्यायला फादरांना सुचवा.

एक मात्र सांभाळा: भारताने १९५१च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे निर्वासितही कायद्याने परदेशीच धरला जातो. परदेशी माणसाला घरी उतरवलंत तर २४ तासांत सरकारकडे त्याची नोंद (पूर्वीचा सी-फॉर्म) करावी लागते.