साडेसहा लाखांची सिस्टीम आणि नऊ लाखांची पावती

सांगलीच्या गावभागातून एका वाचकांचं पत्र आलंय. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून साठाव्या वर्षी निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून 32 लाख हातात आले. एका पतसंस्थेत 9 लाखांची ठेव आहे, मुदत संपलेल्या पीपीएफमध्ये 10 लाख. पेन्शन महिना 5,000, घरखर्च 34,000. मुलगा पुण्यात कमावता आहे, कर्ज कुणाचं नाही. वडिलांनी जपलेल्या गाण्याच्या तबकड्यांनी एक कपाट भरलंय, त्यातल्या निम्म्याहून जास्त 78 गतीच्या (मिनिटाला 78 फेरे), लाखेच्या. त्या नीट ऐकायच्या म्हणून पुण्याच्या दुकानातून म्युझिक सिस्टीमचं कोटेशन आणलंय 6 लाख 50 हजारांचं. दुकानदार 24 बिनव्याजी हप्ते देतोय. वहिनींचं म्हणणं, "आता कान म्हातारे झाले, साडेसहा लाखांचं काय ऐकणार?" घेऊ का नको, असा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

घ्या. पण ही नाही, आणि हप्त्यावर तर मुळीच नाही.

आधी हप्त्याचं बोलू. साडेसहा लाख भागिले 24, म्हणजे महिना 27,083. तुमचे 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले (मर्यादा तेवढीच आहे) तर 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500, म्हणजे महिना 20,500 मिळतात. आयुष्यभराच्या नोकरीची पुंजी महिन्याला जेवढं देते, त्याहून स्पीकरचा हप्ता मोठा! बिनव्याजी म्हणतात, पण रोखीत मिळणारी सूट तिथं विसरायची असते, वर प्रोसेसिंग फी वेगळी.

उरलेले 2 लाख बचत खात्यात राहू द्या. सहा महिन्यांचा खर्च 2,04,000 होतो, म्हणजे अडीअडचणीची सोय झाली. आता 34,000 तून पेन्शन आणि हे व्याज वजा केलं की महिना 8,500 कमी पडतात, वर्षाला 1,02,000. ते पीपीएफ आणि ठेव मिळून 19 लाखांतून यायचे. 7 टक्के धरले तर 1,33,000 येतात, वर 31,000 शिल्लक. साडेसहा लाख काढले की उरतात साडेबारा, त्याचे 87,500. पहिल्याच वर्षी 14,500 ची तूट, महागाई अजून धरलेलीच नाही. त्याऐवजी सव्वादोन लाख काढले तर 1,17,250 येतात, 15,000 शिल्लक राहतात. तुमचं बजेट इथं आहे. हे पैसे परत येणार नाहीत, असं मनात धरूनच खर्च करा. जुनी सिस्टीम विकायला गेलात की किंमत कशी कोसळते ते कळेल. सोन्यासारखं नसतं ते.

आता कोटेशन. त्यातली 80,000 ची टर्नटेबल, म्हणजे तबकडी फिरवणारं यंत्र, फक्त 33 आणि 45 गतीवर चालते. तुमच्या निम्म्या कपाटाला ती लागूच नाही! 78 ची गती हवीच, शिवाय सुई वेगळी हवी. जुन्या तबकडीची खाच रुंद असते, तिची सुई लाँग प्लेच्या (33 गतीच्या तबकडीच्या) सुईच्या जवळजवळ तिप्पट जाड असते. बारीक सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. त्यात 1925 च्या आधीची रेकॉर्डिंग भोंग्यात तोंड घालून, मायक्रोफोनशिवाय झालेली. जे खाचेत उतरलंच नाही ते अडीच लाखांचा स्पीकर कुठून काढणार? अब्दुल करीम खाँसाहेबांची तीन मिनिटांची बाजू ऐकायला पैसा सुईवर घालायचा, केबलवर नाही. (कोटेशनमध्ये केबलचे 50,000 आहेत. त्या आकड्यावर मी पेन्सिलीनं गोल केला आणि चहा घेतला.)

ॲम्प्लिफायर 200 वॅटचा सुचवलाय. 50 वरून 200 ला गेलं की आवाज फक्त 6 डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. तुमची माडीवरची खोली 10 बाय 12 ची. तिथं मोठे उभे स्पीकर ठेवले की खर्ज घुमतो, तबल्याचा डग्गा गोणीत बडवल्यासारखा येतो. ही चूक मी स्वतः केली आहे, आणि ते स्पीकर शेवटी मेहुण्याच्या हॉलमध्ये गेले.

माझी मांडणी: चांगली बुकशेल्फ (लहान स्पीकरची) जोडी 95,000, मध्यम ॲम्प्लिफायर 70,000, 78 चालणारी टर्नटेबल दोन्ही सुयांसह 30,000, स्टँड 10,000, जाड सतरंजी, पडदे आणि भिंतीला पुस्तकांचं कपाट 20,000. झाले सव्वादोन लाख. माडीची जमीन लाकडी आहे, म्हणून टर्नटेबल जमिनीवरच्या टेबलावर नको, भिंतीत ठोकलेल्या फळीवर ठेवा. नाहीतर कुणी चाललं की सुई उडेल.

वहिनी अर्ध्या बरोबर आहेत. साठीनंतर वरचे बारीक सूर कमी ऐकू येतात. आधी कान तपासून घ्या, त्याला फार खर्च नाही. पण तंबोऱ्याची जवारी ऐकायला कान पुरतील. मिरजेच्या तंबोऱ्यात तारेखालचा दोरा नेमक्या जागी सरकला की सूर फुलतो, हे तुम्ही दर्ग्यातल्या सभेत वडिलांशेजारी बसून ऐकलंय. डेमोला तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग घरून न्या, आणि दोन स्पीकर-जोड्या ताडून बघताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला सांगा. जी जोडी जरा मोठ्यानं वाजते, ती कानाला नेहमीच चांगली वाटते, हे दुकानदाराला ठाऊक असतं.

गावभाग म्हणजे 2005 आणि 2019 चं पाणी तुम्हाला सांगायला नको. माडीवर ठेवताय ते बरंच आहे. तरी घराचा विमा बघा. एप्रिल 2021 पासूनच्या 'भारत गृह रक्षा'मध्ये पूर धरलेला असतो आणि घराच्या विमा रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, कमाल 10 लाख, घरातल्या सामानालाही संरक्षण असतं. बिलांचे फोटो मुलाच्या फोनवर ठेवा.

आणि ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते. मला सिस्टीमपेक्षा त्या पतसंस्थेतल्या 9 लाखांची काळजी जास्त आहे. बँकेत, मग ती सहकारी असली तरी, 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही. अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून एका पावतीवर एवढे पैसे? सव्वादोन लाख याच ठेवीतून काढा, उरलेले पावणेसात लाख दोन बँकांत विभागा. मुदत दिवाळीत संपते म्हणता. पावतीवर आपोआप नूतनीकरणाची सूचना असेल तर ती आधी लेखी रद्द करून शिक्का मारलेली पोच घ्या, मग पुण्याची गाडी पकडा.