पश्चिम आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे या बेटांच्या देशाची पहिली बहुपक्षीय निवडणूक कधी झाली आणि सत्ताधारी हरले कसे?

13 जानेवारी 1991 ला झाली. 5 जुलै 1975 ला पोर्तुगालपासून स्वतंत्र झाल्यापासून तिथे एकाच पक्षाचं राज्य होतं, 1990 मध्ये राज्यघटनेतलं त्या पक्षाचं एकमेव सत्ताधारी असण्याचं खास स्थान काढलं आणि मग निवडणूक लागली. विरोधातला एमपीडी (लोकशाही चळवळ) पक्ष मार्च 1990 चा, म्हणजे वर्षाचाही नाही, आणि त्याने 79 पैकी 56 जागा मारल्या! जुन्या सत्ताधारी पक्षाला, म्हणजे पीएआयसीव्हीला, उरल्या 23. लगेच फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक, त्यात स्वातंत्र्यलढ्यातले, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अरिस्तिदेस परेरा साफ पडले.

का हरले म्हणाल तर लोक एकपक्षीय कारभाराला कंटाळले होते हे तर आहेच, पण मला जमिनीचा मुद्दा जास्त मोठा वाटतो. सांतो आंताव हे डोंगराळ बेट, तिथे 1981 मध्येच जमीन सुधारणा कायद्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले होते, आणि अशा छोट्या बेटावर प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, तिथला राग दहा वर्षांनीही कोणी विसरत नाही. त्यात गर्भपाताच्या कायद्यावरून चर्चही नाराज होतं.

पण खरं कौतुक मला हरणाऱ्यांचं वाटतं. पंतप्रधान पेद्रो पिरेस स्वतः लढ्यातले कमांडर, तरी निकाल मान्य करून खुर्ची सोडली, एमपीडीचे कार्लुस व्हेगा पंतप्रधान झाले, कुठे गोळी चालली नाही. पुढे 2001 मध्ये हेच पिरेस याच व्हेगांना डझन-दीड डझन मतांनी हरवून राष्ट्राध्यक्ष झाले, तेही मतपेटीतूनच.