कोवळं ऊन, नाचणी आणि लंगडी : मुलांच्या हाडांविषयी तुमचे प्रश्न

प्रश्न : मुलगी चार वर्षांची आहे. दूध बघितलं की तोंड फिरवते, चॉकलेट पावडर घातली तरच पिते. कॅल्शियमचं टॉनिक सुरू करू का?

उत्तर : टॉनिकही नको आणि दुधावरून रोजचं भांडणही नको. 4 ते 6 वर्षांच्या मुलांना दिवसाला साधारण 550 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. मोठी वाटीभर दह्यात त्याचा तिसरा हिस्सा येतो. 40 ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरी आणखी 140च्या आसपास देते. दुपारी ताक, आमटीत शेवग्याचा पाला, भाकरीबरोबर तिळाची चटणी, असं करत आकडा गाठता येतो. घरी मासे चालत असतील तर जवळा द्या, तो सबंध खाल्ला जातो. पालकावर मात्र भिस्त ठेवू नका; त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं.

नाचणीच्या बाबतीत एक चूक मी घरोघरी बघते. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाटायची, फडक्यातून गाळायची आणि चोथा फेकून द्यायचा. नाचणीचं बरंचसं कॅल्शियम तिच्या सालातच असतं, ते चोथ्याबरोबर जातं! सहा-सात महिन्यांच्या बाळासाठी गाळलेलं सत्त्व ठीक. तुमच्या मुलीला मोड आलेली नाचणी वाळवून, दळून, सगळं पीठ वापरा. मोड आणल्याने कॅल्शियमला अडवणारं फायटेट कमी होतं आणि कॅल्शियम अंगी लागतं, म्हणून ती मेहनत सोडू नका.

प्रश्न : बाळ पाच महिन्यांचं आहे. सासूबाई रोज सकाळी सातला मालिश करून त्याला गॅलरीत कोवळ्या उन्हात घेऊन बसतात. तरी डॉक्टरांनी ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब दिलेत. ते खरंच हवेत का?

उत्तर : हवेत. सासूबाईंची माया आणि मालिश दोन्ही चालू राहू द्या, पण सातच्या उन्हातून ‘ड’ जीवनसत्त्व जवळजवळ मिळत नाही. ते त्वचेत तयार व्हायला जे अतिनील किरण लागतात, ते सूर्य खाली असताना वातावरणातच अडतात. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब पडत असेल, तर ते ऊन या कामाचं नाही, असं समजा. बंद काचेमागचं ऊनही निरुपयोगी. आणि दुपारच्या उन्हात तान्ह्या बाळाला ठेवणं योग्य नाही. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व फार थोडं असतं, म्हणून पहिलं वर्षभर रोज 400 युनिट द्यायचे.

बाटलीवरचं लेबल मात्र नीट वाचा. काही औषधांत 1 मिलीमध्ये 400 युनिट असतात, काहींत 800. दुकानदाराने दुसरी बाटली दिली आणि माप तेच ठेवलं, की डोस दुप्पट होतो. मोठ्यांसाठी आणलेली 60,000 युनिटची पुडी तर मनाने मुलाला कधीच देऊ नका. जास्त झालेलं ‘ड’ रक्तातलं कॅल्शियम वाढवून मूत्रपिंडाला इजा करतं.

शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी गणित वेगळं आहे. अकरा ते तीनच्या दरम्यान हात-पाय उघडे ठेवून वीस-तीस मिनिटं खेळू द्या. ‘काळा पडेल’ म्हणून मुलाला घरात कोंडलेलं बघितलं, की मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा. आठवड्यातून चार दिवस पोहायला जातो. हाडांसाठी तेवढं पुरे ना?

उत्तर : हृदयाला, फुप्फुसांना उत्तम. हाडांना नाही, कारण पाण्यात शरीराचं वजन पाणीच पेलतं. हाडावर भार आला, हादरा बसला, की ते त्या जागी भक्कम होतं. टेनिसपटूंच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरतं, ते यामुळेच. म्हणून पोहण्याला लंगडीची जोड द्या. अख्खं वजन एका पायावर, वर उडी, दिशा बदलणं : हाडाला याहून काय हवं? दोरीवरच्या उड्या, खो-खो, मल्लखांब, काहीही चालेल. आठवड्यातून निदान तीन दिवस उड्यांचा खेळ हवा.

प्रश्न : दीड वर्षाच्या मुलीचे पाय धनुष्यासारखे वाकलेत. मुडदूस असेल का?

उत्तर : दोन वर्षांपर्यंत असा बाक बहुतेक मुलांत असतो. तीन-चारला उलट गुडघे जवळ येतात आणि सातच्या सुमारास पाय सरळ होतात. मनगटं रुंद दिसणं, फासळ्यांवर मण्यांसारखे उंचवटे, चालायला उशीर, किंवा एकच पाय वाकडा, यातलं काही असेल तर दाखवा. पाय बांधून ठेवू नका.

प्रश्न : पाच वर्षांचा मुलगा रात्री पोटऱ्या दुखतात म्हणून रडत उठतो. सकाळी पुन्हा धावतो. कॅल्शियम कमी पडतंय का?

उत्तर : बहुधा नाही. दोन्ही पाय, रात्रीची वेळ आणि सकाळी ठणठणीत, ही वाढत्या वयातली नेहमीची दुखणी. गरम शेक द्या, हलक्या हाताने चोळा, जवळ घेऊन झोपवा. एकाच पायात दुखत असेल, सांध्याला सूज असेल, ताप येत असेल, वजन उतरत असेल किंवा सकाळीही तो लंगडत असेल, तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.