ज्यू सणांमधून आणि तोराच्या वाचनातून नेमकी कोणती नैतिक शिकवण मिळते?

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरात वाढले. सगळ्या सणांबद्दल लिहायला गेले तर कशालाच न्याय मिळणार नाही. म्हणून माझ्या वागण्यावर सगळ्यात जास्त परिणाम ज्या एका दिवसाने केला, त्याबद्दलच लिहिते : योम किपूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस.

ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याची ही दहावी तारीख. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत, साधारण 25 तास, अन्न नाही की पाणी नाही. कोकणातले आमचे पूर्वज याला दारफाळणीचा सण म्हणत. दारं लावून घेऊन, पांढरे कपडे घालून दिवसभर उपास करायचे. दुसऱ्या दिवशी शिळा सण : गोरगरिबांना दानधर्म आणि एकमेकांकडे जाणं-येणं.

एवढा कडक उपास केला की वर्षाची पापं धुऊन निघाली, असं कुणालाही वाटेल. मिश्ना या आमच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहाने मात्र स्वच्छ सांगून ठेवलंय. माणसाने देवाचा अपराध केला असेल तर किपूरच्या दिवशी त्याची क्षमा होते. दुसऱ्या माणसाचा केला असेल तर त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय होत नाही. शेजाऱ्याचं देणं देव परस्पर माफ करत नाही. आमच्या धर्माच्या नीतिविचाराचा कणा मला इथे दिसतो.

मग समजूत काढायची कशी? बाराव्या शतकात मैमोनिदीस या ज्यू धर्मपंडिताने याचे नियमच लिहून ठेवले. दुखावलेला माणूस ऐकत नसेल तर तीन ओळखीची माणसं सोबत घेऊन जा. तरीही नाही म्हणाला तर पुन्हा जा, तिसऱ्यांदा जा. त्यानंतरही तो अडून बसला, तर दोष त्याच्याकडे जातो. आणि तो माणूस वारला असेल तर? दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचं, मी याचं अमुक वाईट केलं असं सगळ्यांसमोर बोलायचं आणि त्याचे पैसे देणं लागत असलो तर ते वारसांना द्यायचे. काय केलं ते तोंडाने सांगायचं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘काही चुकलं असेल तर माफ कर’ असा एकच निरोप सगळ्यांना पाठवण्याची पद्धत हल्ली आमच्यातही पडली आहे. मला ती पटत नाही. त्यात समोरच्याला काय लागलं याचा विचारच नसतो.

तालमूद हा मिश्नावरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ. त्यातली एक चर्चा तर मी मुलांना नेहमी सांगते. कुणी एक तुळई चोरली आणि वाडा बांधताना त्यात बसवून टाकली. आता परत कशी करणार? शम्माय आणि हिल्लेल हे जुन्या काळचे दोन धर्मगुरू. शम्मायच्या शिष्यांचं म्हणणं, अख्खा वाडा पाडा आणि तुळई मालकाला द्या. हिल्लेलचे शिष्य म्हणाले, नाही, तुळईची किंमत द्यावी. कारण राहतं घर मोडावं लागणार असेल तर चोर कबूल व्हायला पुढेच येणार नाही. पाळायचा नियम ठरला तो हिल्लेलच्या बाजूचा. भरपाई पुरती झाली पाहिजे, पण पश्चात्तापाची वाटही बंद होता कामा नये.

त्या दिवसाची वाचनंही याच अंगाने जातात. सकाळी, लोक उपाशीपोटी उभे असताना, यशया या संदेष्ट्याचे शब्द वाचले जातात : मला हवा तो उपास असा आहे का? भुकेल्याला आपली भाकर वाटून दे, उघड्याला वस्त्र दे. दुपारनंतर योना या संदेष्ट्याचं पुस्तक. त्यात निनवे शहराचे लोक उपास करतात, गोणपाट नेसतात, गुराढोरांनाही नेसवतात. पण देवाने काय पाहिलं? ते वाईट मार्गावरून फिरले, ही त्यांची कृती पाहिली. तिथे गोणपाटाचा उल्लेख नाही, उपासाचाही नाही, याकडे मिश्ना मुद्दाम लक्ष वेधते.

तुम्हाला स्वतः वाचून बघायचं असेल तर योनापासून सुरुवात करा. चारच अध्याय आहेत आणि कुठल्याही मराठी बायबलमध्ये सापडतील. त्यानंतर यशयाचा 58वा अध्याय घ्या. पेसाह या दुसऱ्या सणाबद्दल वेगळा प्रश्न टाकलात तर त्यावरही आनंदाने लिहीन.