साडेतीन मिनिटं कुणी ठरवली?

प्रिय,

तुझा ट्रॅक तीनदा ऐकला. दोनदा हेडफोन लावून आणि एकदा घरातली कामं करता करता. "५:४० फार होतात का? साडेतीनमध्ये बसवू का?" असं विचारलं आहेस. आधी हे साडेतीन आलं कुठून ते बघू.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या (७८ आरपीएम) दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. तासभर राग रंगवणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांनीही तेवढ्यात गाऊन ठेवलंय, आणि ते ऐकताना काही राहून गेलंय असं मला कधी वाटलं नाही. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली, एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली, तरी गाण्यांची सवय फारशी मोडली नाही. आज तबकडीची अडचण नाही, पण स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम धरला जातो, म्हणून इंट्रो छाटायची घाई सुरू झाली. हे सगळे बाहेरचे हिशेब. ते माहीत असावेत, पण तुझ्या ट्रॅकचं माप त्यात नाही.

तुझा टेम्पो ९६ आहे, म्हणजे मिनिटाला ९६ बीट्स. चार बीट्सचा एक बार अडीच सेकंदांचा, आठ बार २० सेकंदांचे. म्हणजे ५:४० मध्ये आठ-आठ बारचे सतरा तुकडे. कागदावर सतरा चौकोन आख आणि प्रत्येकात नवीन काय घडतं ते दोन शब्दांत लिही. एखादं वाद्य थांबलं तर तेही नवीनच. मुखडा अंतऱ्यानंतर परत येतो तेव्हा त्याचा रंग बदललेला असतो, तोही धर. मी लिहून पाहिलं तेव्हा चार चौकोन कोरे राहिले: दुसरा, नववा, दहावा आणि सोळावा. इंट्रोचा तो दुसरा तुकडा म्हणजे पहिल्याचीच कॉपी आहे, हे तुलाही ठाऊक असणार. लूप पुढे ओढणं फार सोपं असतं.

पण बाराव्या चौकोनाला हात लावू नकोस. ३:४० ला ड्रम्स थांबतात आणि आवाज एकटाच उरतो, तिथे मी हातातलं काम सोडून उभा राहिलो. आणि तिथेच तू घाबरून आठ बारमध्ये ड्रम्स परत आणलेस! आणखी आठ बार थांब. कोरे चार चौकोन गेले, हा एक वाढला, की ४:४० होतात. होऊ देत.

डीजेंसाठी हवा असेल तर सुरुवातीला आणि शेवटी नुसत्या ड्रम्सचे ३२ बार ठेवून वेगळा एक्स्टेंडेड मिक्स कर. त्यासाठी मूळ ट्रॅक ताणू नकोस.

कापाकापी आजच नको. हा ट्रॅक तू शेकडो वेळा ऐकला असशील. जे तुला आता कंटाळवाणं वाटतंय, ते पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या कानात नुकतं कुठे मुरत असतं. चार दिवस फाइल उघडू नकोस. मग स्क्रीन बंद करून ऐक, कारण स्क्रीनवर पुढचा तुकडा सरकत येताना दिसला की कान आधीच तिकडे पळतात. लक्ष जिथे सुटेल तिथे बोट वर कर, एवढंच.

शेवटच्या फेड-आउटबद्दल मात्र मी अडून बसणार आहे. तिथे ट्रॅक संपत नाही, नुसता दूर जातो. बाराव्या चौकोनातली ती एकट्या आवाजाची ओळ शेवटी आणून बघ.

आत्ताचं आणि बदललेलं, दोन्ही रूपं पाठव. कुठलं किती मिनिटांचं ते लिहू नकोस, मी घड्याळ न बघता ऐकतो.

तुझा,
दादा