व्हीलचेअर दिली तर मुलगा चालणे सोडून देईल का?

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर करत जाणारा आजार, असलेल्या मुलांचे पालक मला सर्वाधिक वेळा विचारतात तो प्रश्न औषधांचा नसून व्हीलचेअरचा असतो. सातारा जिल्ह्यातून आलेल्या एका वडिलांनी तो अगदी सरळ मांडला होता (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). "मॅडम, आज भिंतीला धरून का होईना, तो चालतोय. एकदा खुर्चीत बसला की बसलाच. आम्हीच त्याला बसवल्यासारखं होईल ते."

मुलगा 10 वर्षांचा होता. पोटऱ्या फुगीर, चाल चवड्यांवर, आणि जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत वर येण्याची ती ओळखीची धडपड. वडील त्याला उचलून वर्गात नेऊन बसवत आणि संध्याकाळी पाय मोकळे राहावेत म्हणून दमेपर्यंत अंगणात फेऱ्या मारायला लावत. त्यामागची माया मला दिसत होती. मुलाशी एकट्याशी बोलताना मात्र कळले, की तो शाळेत दिवसभर पाणीच पीत नाही, कारण प्यायले की लघवीला जावे लागते आणि स्वच्छतागृह मैदानाच्या पलीकडे आहे. बाटली भरलेलीच घरी येई आणि आईला वाटे, हा विसरतो.

या आजारात डिस्ट्रॉफिन हे प्रथिन तयार होत नसल्यामुळे स्नायूपेशींच्या आवरणाला प्रत्येक हालचालीबरोबर इजा होत जाते. म्हणून व्यायामाने स्नायू बळकट होतात हा निरोगी शरीराचा नियम येथे लागू पडत नाही आणि थकवणाऱ्या फेऱ्यांनी नुकसानच होते. चालणे थांबते ते आजारामुळे. स्टेरॉइडने ते लांबवता येते, आणि घोट्यांना रोज दिलेला हलका ताण (स्ट्रेचिंग) व रात्री बांधलेले स्प्लिंट (पाय योग्य स्थितीत धरणारा आधार) यांनी सांधे आखडणे लांबवता येते. खुर्ची यातले काहीही हिरावून घेत नाही. लांबचे अंतर खुर्चीवरून आणि घरात, वर्गात जमेल तेवढे पायांवर, अशी वाटणी करता येते. उलट दमलेले मूल पडले आणि स्टेरॉइडने ठिसूळ झालेले मांडीचे हाड मोडले, तर चालणे एका दिवसात कायमचे थांबू शकते. हे ऐकल्यावर वडील बराच वेळ काही बोलले नाहीत.

आजार बरा होत नाही, मग तपासण्या कशाला, हाही त्यांचा प्रश्न होता. हृदय आणि श्वास यांचे स्नायूही याच आजारात कमजोर होतात आणि ते बाहेरून दिसत नाही, म्हणून दरवर्षी इको (हृदयाची सोनोग्राफी) व्हायलाच हवी आणि श्वासाच्या क्षमतेची मोजणीही नियमित हवी. पुढे कधी सकाळी डोके दुखू लागले, झोप मोडू लागली, तर रात्री बायपॅप या मास्कमधून हवा देऊन श्वासाला आधार देणाऱ्या यंत्राची मदत घेता येते, आणि या मदतीमुळे अनेक रुग्णांचे आयुष्य कित्येक वर्षांनी वाढले आहे. स्टेरॉइड मात्र स्वतःच्या मनाने एकाएकी कधीही बंद करू नये, हे मी प्रत्येक कुटुंबाला बजावून सांगते.

खुर्ची मापाची हवी, हा माझा आग्रह असतो. शिबिरात मिळालेल्या मोठ्या माणसाच्या खुर्चीत झोळीसारख्या बैठकीवर मूल एका बाजूला कलते आणि पाठीचा कणा वाकायला वाव मिळतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) काढून घ्यावे. शाळेकडे सोयी मागताना त्याचा आधार होतो.

पुढच्या भेटीला वडील मोजमाप घेऊन आले. शाळेच्या तीन पायऱ्या, एकूण उंची दीड फूट. उतार किती लांब हवा? एक फूट चढाला बारा फूट या हिशेबाने अठरा फूट. समोर तेवढी जागा नव्हती, म्हणून मध्ये सपाट जागा ठेवून उतार भिंतीलगत वळवायचा, असे आम्ही कागदावर आखले आणि स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदीही मोजून आणायला मी त्यांना सांगितले.