कोंक आणि आपले धाबे

प्रश्न : मुलाच्या नोकरीनिमित्त आम्ही फ्रान्सला गेलो असता त्याने आम्हाला कोंक नावाचे डोंगरातले एक लहानसे खेडे दाखवले. जुने चर्च, दगडी छपरांची घरे, सगळे जागच्या जागी. आमच्या गावात मात्र दरवर्षी दोन-तीन धाब्याची, म्हणजे लाकडावर माती चोपून केलेल्या सपाट छपराची, घरे पाडून स्लॅब टाकले जातात. तेथे हे सर्व सरकार सांभाळते का? आमचेही घर धाब्याचेच आहे. ते ठेवावे की पाडावे?
— एक वाचक, एरंडोल तालुका

उत्तर : सरकारचा वाटा मोठा आहे, पण सुरुवात गावाने केली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत चर्चमधील सोन्याचांदीचा ठेवा जप्त होणार अशी चिन्हे दिसताच कोंकच्या गावकऱ्यांनी तो आपापल्या घरी लपवला आणि वादळ शमल्यावर परत आणून दिला. म्हणून सांत-फ्वा या संतकन्येची सुवर्णमूर्ती आजही तेथेच पाहता येते. पुढे 1837 मध्ये ऐतिहासिक वास्तूंचे सरकारी निरीक्षक आणि लेखक प्रॉस्पेर मेरिमे तेथे आले. मोडकळीस आलेले ते चर्च आणि त्याच्या दारावरील अंतिम न्यायनिवाड्याचे शिल्प पाहून त्यांनी दुरुस्तीचा आग्रह धरला, आणि वास्तू वाचली.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो नंतरचा कायदा. 1913 च्या कायद्याने वास्तूंना संरक्षण मिळाले होतेच, पण 1943 पासून संरक्षित वास्तूभोवतीच्या 500 मीटरच्या परिसरात तिच्या नजरेच्या टप्प्यात येणाऱ्या घराचे छप्पर, खिडकी किंवा भिंतीचा रंग बदलायचा झाला, तरी सरकारी वास्तुतज्ज्ञाचे मत घ्यावे लागते. घर मालकाचेच राहते, मात्र त्याचे बाह्यरूप साऱ्या गावाचे मानले जाते. आपल्याकडे चांगदेव मंदिरासारख्या केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामास बंदी आणि त्यापुढे आणखी 200 मीटरपर्यंत परवानगीची अट आहे. परंतु जेथे असे स्मारकच नाही, त्या गावातील जुन्या घरांना या नियमाचा काहीच आधार मिळत नाही. आपल्या गावाची अडचण नेमकी हीच असावी.

आपण पाहिलेली छपरे पातळ दगडी फरश्यांची असतात. वळचणीला मोठ्या फरश्या आणि आढ्याकडे जाताना क्रमाने लहान, अशी ती रचना असते. फरशी सरकली की तेवढीच बदलतात, सबंध छपराला हात लावत नाहीत. आपले धाबेही याच सवयीवर उभे आहे : पावसाळ्यापूर्वी खारी माती टाकणे, पन्हाळी मोकळ्या करणे, गळती दिसेल तेथे लगेच चोपणे. ही सवय सुटली म्हणून घरे पडू लागली. मातीला दोष देणे अन्यायाचे आहे.

म्हणून, लाकूड शाबूत असेल तर घर पाडू नका. गळती थांबावी म्हणून धाब्यावर सिमेंटचा कोबाही करू नका. त्याला चिरा पडतात, आत शिरलेले पाणी मातीत कोंडते आणि सागवानी लाकूड न दिसता कुजते. उन्हाळ्यातच सर्व सऱ्यांची, म्हणजे छत पेलणाऱ्या आडव्या लाकडांची, भिंतीत शिरलेली टोके तपासा. टोचा मारून पाहा. तो सहज आत गेला, तर तेवढी सर बदलावी लागेल आणि धाब्याचे काम जाणणारा जुना सुतार आताच गाठावा लागेल.